पुढच्या खोलीतला पलंग

आई गेली त्या सकाळी पुढच्या खोलीतला पलंग रिकामा होता. धुतलेली चादर, उशीला पांढरा अभ्रा, पायथ्याशी घडी घातलेला टॉवेल, तिवईवर झाकून ठेवलेला पाण्याचा तांब्या... सगळं जागच्या जागी होतं. आणि आई स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला अंथरलेल्या चटईवर, भांड्यांच्या मांडणीकडे तोंड करून पडली होती. दहा वाजायचे होते. मी तिच्यासाठी पेज गाळत होते. वळून पाहिलं तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. थोड्या वेळाने आमचे पाळक आले, त्यांनी प्रार्थना केली आणि एस्तरबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या असं म्हणाले. मी मनात म्हटलं, झोपल्या खऱ्या, पण शेवटीसुद्धा चटईवरच.

गेलेल्या आईबद्दल असं बोलू नये हे मला कळतं. पण या सात आठवड्यांत इतक्या जणांनी मला फोन करून तुझी आई देवमाणूस होती म्हणून सांगितलं, की कोणीतरी दुसरी बाजूही लिहून ठेवावी असं वाटू लागलं. ती बाजू माहीत असलेली मी एकटीच उरले आहे. ती गेल्याचं कळवायला मी फोन केले तेव्हा बहुतेकांनी दोनच गोष्टी विचारल्या. माती किती वाजता, आणि मुक्कामाची सोय तुमच्याकडेच ना. गोंदियाच्या एका बाईंनी तर रडत रडत विचारलं, "वो सामनेवाला कमरा खाली है ना, बेटी?" मातीला आलेल्यांपैकी नऊ जण राहिले. पलंग बालाघाटच्या एका म्हातारीला मिळाला. मी त्या सगळ्यांना दोन वेळचं रांधून वाढलं आणि ज्या चटईवरून आईला उचललं होतं त्याच चटईवर आडवी झाले, कारण घरात दुसरं अंथरूण उरलं नव्हतं.

तिरोड्यात स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचं घर आहे. कौलारू, तीन खोल्यांचं, पुढे सपरी, म्हणजे छप्पर घातलेली पडवी. बाबा रेल्वेत गँगमन होते, कमी बोलणारे. आई कामठ्याची, खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरातली. तिने बाबांशी लग्न केलं, ख्रिस्ती झाली, आणि माहेरच्यांनी तिचं नाव घेणं सोडलं. बाबांच्या सोबतच्या लोकांनी सुरुवातीला एका खोलीत जागा दिली, मग हे घर झालं. पुढची खोली पहिल्या दिवसापासून पाहुण्यांची. त्या खोलीत बदली होऊन गेलेल्या एका स्टेशनमास्तरने मागे ठेवलेला लोखंडी पलंग, त्यावर कापसाची गादी, भिंतीला क्रूस. कोणीही यावं. गावोगाव फिरणारे प्रचारक यायचे, दवाखान्यात माणूस भरती केलेले नातेवाईक यायचे, गाडी चुकलेले यायचे, आणि मोठा वीज प्रकल्प झाल्यापासून तर काम शोधत आलेले, खोली मिळेपर्यंत कुठे टेकावं हे न कळणारे यायचे. सगळे दारात उभं राहून एकच वाक्य बोलायचे, एस्तरबाईनं बोलावलं आहे. आईने त्यांना बोलावलेलं नसायचं. ती ज्याला त्याला, बाजारात, बसस्टँडवर, कधीपण या म्हणून सांगायची आणि लोक ते खरं धरायचे.

तिचे नियम होते आणि ते मोडलेले तिला खपत नसत. पाहुणा दाराशी दिसला की आधी दोन्ही हातांनी पाणी, मग बाकीचं. तीन दिवस त्याला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, जात नाही, धर्म नाही, कशाला आलात हेही नाही. आणि चौथ्या दिवशी सकाळी आई त्याच्या हातात झाडू द्यायची. म्हणजे तो आता घरचा झाला. घरच्याने घर झाडायचं, विहिरीचं पाणी ओढायचं, आणि घरच्याला पलंग मिळत नाही, त्याने सपरीवर झोपायचं. बहुतेक पाहुणे तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच आपली थैली भरायचे. बाबांनी सपरी कधीचीच धरली होती. ते हसत म्हणायचे की मी माझ्याच घराचा चौकीदार आहे. मी जन्मापासून घरची, त्यामुळे स्वयंपाकघरातली चटई मला जन्मापासून मिळाली.

उपासनेत पाळक तिचं उदाहरण द्यायचे. अनोळखी माणसाच्या रूपाने प्रभूच आपल्या दारात उभा राहतो, हे एस्तरबाईंना कळलंय म्हणायचे, आणि सगळी मंडळी मागे वळून आमच्या बाकाकडे पाहायची. मी तेव्हा बाकावर बसल्या बसल्या हिशेब नाही, पण आठवणी काढायचे. जानेवारीतलं माझं घोंगडं कोणा बाईला पांघरायला दिलं आणि ती ते सोबतच घेऊन गेली. मी रडले तर आई म्हणाली, तू जवान आहेस, तुझ्या अंगात ऊब आहे. दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी पुढच्या खोलीत चार जण पेटी घेऊन गाण्यांचा सराव करत होते आणि मी मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याजवळ बसून प्रमेयं पाठ करत होते. घरच्या कोंबडीचं अंडं कधी माझ्या ताटात पडलं नाही, कारण ते पाहुण्याच्या ताटात पडायचं. आणि एकदा मला मलेरिया झाला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. थंडी वाजून आली की दातांवर दात आपटायचे. त्या आठवड्यात एकही पाहुणा नव्हता. मी आईला म्हटलं, मला पलंगावर झोपू दे. ती म्हणाली, कोणी आलं तर? मी म्हटलं, आलं तर उठीन. ती म्हणाली, आजारी माणसाला उठवता येत नाही. मग तिने चटईवरच माझ्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, चार दिवस माझ्यापाशीच बसून राहिली, हेही मान्य केलं पाहिजे. पण पलंग रिकामा होता आणि मी चटईवर होते, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. तेव्हापासून मला तो पलंग हवा होता. लोकांना दागिना हवा असतो, जमीन हवी असते, मला आईने एकदा त्या पलंगाची चादर झटकून झोप म्हणावं एवढं हवं होतं. पन्नाशी उलटली तरी हवं होतं.

ती अशी का होती हे मला कळलं ते मी कॉलेजात असताना. तिरोड्यात डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. ऑपरेशन झालेल्यांची पट्टी चौथ्या दिवशी निघायची होती, आणि ज्यांचं गाव लांब होतं ते तोवर तिरोड्यातच थांबले होते. त्यातला एक म्हातारा कोणीतरी हात धरून आमच्याकडे आणून सोडला. धिप्पाड माणूस, पांढरं स्वच्छ धोतर. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याने आधीच दिसत नव्हतं. तीन दिवस त्याची सरबराई झाली. बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले ताजे मासे, चिन्नोरचा सुवासिक भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी. पण आई त्याच्यासमोर तोंडातून शब्द काढत नव्हती. पाणी दे, वाढ, हात धुवायला ने, सगळं मला खुणेने सांगायची. मला वाटलं तिला घसा धरलाय. म्हातारा मला म्हणायचा, तुझी माय मोठी पुण्यवान हाय बाप्पा, दिसली असती तर पाया पडलो असतो.

चौथ्या दिवशी सकाळी तो पलंगावर बसून चहा पीत होता. आई झाडू घेऊन आत गेली आणि तो त्याच्या हातात देऊन म्हणाली, "घ्या भाऊ. चार दिवस झाले. आता तुमी घरचे."

म्हाताऱ्याने आवाज ओळखला. तो माझा सख्खा मामा होता. त्याचा कप कलंडला, चहा धोतरावर सांडला आणि तो हातात झाडू धरून तसाच बसून राहिला. मग त्याने पाणी मागितलं. आईच्या हातात तांब्या तयारच होता. तिने त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "पेऊन घ्या. इथं दार लावत नाही कोनी." त्याची पट्टी त्याच दिवशी निघाली, दुपारच्या गाडीने तो गेला आणि पुन्हा कधी आला नाही. त्या दिवशी आई दिवसभर गाणं गुणगुणत होती. इतकी खूश मी तिला ना त्याआधी पाहिली ना नंतर.

कामठ्याची गोष्ट तिने मला सांगितली ती त्याच दुपारी, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलता सोलता. मी पोटात असताना, मे महिन्यात, बाबांना न सांगता ती एकटी माहेरी गेली होती. पोट पाहून तरी भाऊ विरघळेल असं तिला वाटलं. त्याने तिला दारात पाहिलं, एक शब्द बोलला नाही, आत गेला आणि कडी लावून घेतली. ती त्यांच्या सपरीवर बसून राहिली. आत माणसांचे आवाज येत होते, जेवणाची ताटं वाजत होती. तिने बाहेरून पाणी मागितलं. दोनदा मागितलं. ऊन कलल्यावर उठली आणि चालत निघाली. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "जेवाले नाही देलं त्याचं काही नाही वं, सुनी. पानी नाही देलं." ही गोष्ट तिने परत कधी काढली नाही. पण त्या दिवसापासून पाळक बाकाकडे पाहून तिचं कौतुक करू लागले की मला वाटायचं, या पाहुणचारात निम्मा प्रभू आहे आणि निम्मा माझा मामा आहे. तिचा विश्वास खोटा नव्हता, गुडघे टेकून ती रोज प्रार्थना करायची ते मी पाहिलं आहे. पण पाहुण्याला वाढताना तिचा जबडा आवळलेला असायचा, आणि तेही मी पाहिलं आहे.

माझं लग्न गोंदियात झालं. सहा वर्षं टिकलं. मग नवऱ्याने एक दिवस, तुझ्या माईकडे रोज परके राहतात, तूही जाऊन राहा, असं सांगून माझी बॅग बाहेर ठेवली. रेल्वेत बसल्यावर मी एक ठरवलं. मागच्या दाराने जायचं नाही. पुढच्या दाराने जायचं, पाहुण्यासारखं. चारच्या सुमाराला मी सपरीवर उभी राहिले आणि कडी वाजवली. दार उघडंच होतं तरी वाजवली. आई आली. तिने माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. दोन्ही हातांनी. मग म्हणाली, "बसा." मला... बसा! मी पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसले. तिने ट्रंकेतून धुतलेली चादर काढली, झटकली, पलंगावर घालू लागली. चारही कोपरे दुमडून झाले होते, उशी ठेवायची बाकी होती, तेवढ्यात पाळकांची मोटारसायकल दारात थांबली. त्यांच्यामागे ऑटोत नवराबायको होते, बाई गर्भार, दवाखान्यात दाखवायला आणलेली. आईने उशी ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उचल तुई थैली. मांगं ये." मी उचलली. त्या संध्याकाळी तिने माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. मी तो बाजूला सारला आणि तिने का म्हणून विचारलं नाही. तीन दिवस तिने मला काहीच विचारलं नाही. तेवढा एक नियम तिने माझ्यासाठी पाळला. चौथ्या दिवशी झाडू मी आपणच घेतला.

त्यानंतर एकोणीस वर्षं आम्ही दोघी त्या घरात राहिलो. बाबा मध्ये गेले. मला तिरोड्यातच एका शाळेत नोकरी मिळाली. शाळेतून आले की पुढच्या खोलीत कोण आहे हे चपलांवरून कळायचं. मी त्या लोकांशी कामापुरतं बोलायचे. मला ते आवडत नव्हते, आणि त्यांना ते कळत होतं.

यंदा आईचं यकृत गेलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणलं त्या दिवशी मी पुढच्या खोलीत तिचं अंथरूण करू लागले तर ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पलंग पाहुण्यांचा आहे म्हणाली. मला इतका संताप आला की जे बोलू नये ते मी बोलले. मी म्हटलं, "आता तूच पाहुनी हायेस, आई. किती दिवसाची?" ती हसली. तिला खरंच हसू आलं. म्हणाली, "तीन दिवसाच्या वर राहिली त मंग घरचीच ना." आणि स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात जाऊन चटईवर बसली. तिथून ती उठली नाही. मी शाळेतून रजा घेतली आणि तिच्या शेजारी फरशीवर सतरंजी टाकली. दीड महिना. दर तासा-दोन तासांनी तिला कूस बदलून द्यावी लागे, अंग पुसावं लागे, उलटी झाली की भांडं धरावं लागे. बसल्या जागी माझे डोळे मिटायचे. भात करपायचा. एकदा मी चुलीवरचं दूध समजून गरम पाण्यात साखर टाकली. आणि त्या दीड महिन्यातही लोक येतच होते. छत्तीसगडकडचं एक जोडपं आठ दिवस राहिलं, आई चौथ्या दिवशी झाडू द्यायला उठू शकत नव्हती आणि माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. बाई आतून विचारायची, दीदी, चाय बनी क्या? ते गेले तेव्हा आई मागे लागली, चादर धू, आजच्या आज धू, अभ्रा पण धू. मी दात-ओठ खात धुतली. वाळल्यावर तिने चटईवर पडल्या पडल्या मला ती घालायला लावली आणि कोपरे नीट दुमडलेस का म्हणून विचारलं. त्याच दिवशी मी पाळकांना फोन करून सांगितलं की आता आमच्याकडे कोणालाही पाठवू नका. आणि पुढच्या दाराला दिवसाढवळ्या कडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी दार वाजवलं. मी अर्धं उघडलं. पन्नाशीची एक बाई, काळीसावळी, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी, पाय धुळीने माखलेले. ती म्हणाली, "एस्तरबाईनं बोलावलं हाय." मी म्हटलं, बाई बिमार आहेत. ती म्हणाली, "मले मालूम हाय, म्हनूनच..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. सांगितलं ना, जागा नाही, असं म्हणून कडी लावली. खिडकीतून पाहिलं तर ती थोडा वेळ सपरीच्या कडेला बसली होती, पदराने तोंड पुसत. मग उठली आणि स्टेशनच्या बाजूला चालू लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू... आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरात कोणाला तरी नाही म्हटलं होतं आणि मला फार बरं वाटलं.

आत आले तर आई जागी होती. तिने विचारलं, "कोन होतं?"

मी म्हटलं, कोणी नाही, पत्ता विचारत होती. आई माझ्याकडे पाहत राहिली. पिवळे झालेले डोळे, पण नजर तीच. मग म्हणाली, "पानी तरी देलं का वं तिले?"

मी तिचं पांघरूण नीट करू लागले. ती हळूहळू कुशीवर वळली, मांडणीकडे तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी चमचा ओठांशी नेला की तोंड उघडायची, पाणी गिळायची, डोळे मिटलेलेच. मी दोनदा तिच्याजवळ बसून चुकलं म्हणायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा मला राग आला. मी मनात म्हणायचे, तिने मला घोंगडं नाही दिलं, अंडं नाही दिलं, पलंग नाही दिला, आणि एका परक्या बाईला पाणी दिलं नाही म्हणून ती मला शिक्षा करते. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आधी ती गेली.

मातीचे पाहुणे पांगले. चौथ्या आठवड्यातल्या एका दुपारी ती बाई परत आली. तीच पिशवी, तेच गोंदण. दार उघडं होतं. मी तिला पाहिलं आणि आधी तांब्या आणला. तिने एका दमात तो संपवला आणि सपरीवरच बसली. नाव सुकवारो. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून तिचं गाव. पुष्कळ वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना तिच्या नवऱ्याला अस्वलाने फाडलं होतं, त्याला तिरोड्यात आणलं तेव्हा ती आमच्या पुढच्या खोलीत राहिली होती. मी तेव्हा गोंदियात नांदत होते. तीन दिवस पलंग, चौथ्या दिवशी झाडू, पुढचे आठ दिवस सपरी. तिने सगळं बरोबर सांगितलं. आता ती बाळंतिणींजवळ, दुखणाईतांजवळ बसायला जाते. आई गेल्याचं तिला बाजारात कळलं होतं.

मी विचारलं, आईने तुम्हाला खरंच बोलावलं होतं? ती म्हणाली, हो, पाळकबाईंच्या फोनवरून. मला आठवलं. मी औषधं आणायला गेले की पाळकांच्या पत्नी, पाळकबाई, आईजवळ बसायच्या. मी विचारलं, कशाला बोलावलं होतं? सुकवारोने आईचे शब्द आठवून जसेच्या तसे सांगितले.

"म्हनाली, माई पोरगी सुनी दीड महिन्यापासून झोपली नाही. तू येऊन माह्याजवळ बस. तिले मी पुढच्या पलंगावर झोपवतो. चादर धुवून ठेवाले लावतो म्हनाली. आन् ती मानली नाही त तिले सांगजो, का तीन दिवस तू पाहुनी हायेस."

मी विचारलं, मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?

"तुमी दार लावलं ना, बाई."

तिने हे रागाने म्हटलं नाही. जसं झालं तसं सांगितलं. चादर मीच धुतली होती, कोपरे मीच दुमडले होते, दात-ओठ खात. आणि आईला कडी लावल्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू गेला होता. ती मला सांगू शकली असती. जवळजवळ दोन दिवस होते तिच्याकडे. एक वाक्य बोलली असती तर मी स्टेशनपर्यंत धावत गेले असते. तिने सांगितलं नाही. मामाला तिने तीन दिवस कळू दिलं नव्हतं, मला तिने मरेपर्यंत कळू दिलं नाही. ते तिने रागाने केलं की मला लागेल म्हणून केलं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. माझ्यावर तिचं प्रेम होतं हे आता मला नक्की माहीत आहे, आणि ते कळायला फार उशीर झाला आहे, आणि उशीर मी केला.

सुकवारो उठली. बाईनं सांगितलेलं काम राहून गेलं म्हणाली, तुमी पडा, मी सयपाकघरात बसतो. मी नको म्हटलं नाही. दुपारचे तीन वाजले असतील. मी पुढच्या खोलीत गेले आणि त्या पलंगावर आडवी झाले. गादीत कापसाच्या गाठी झाल्या आहेत. मधोमध खड्डा आहे आणि त्या खड्ड्यात लोखंडी पट्टी नेमकी पाठीच्या कण्याला लागते. इतक्या वर्षांत इतकी माणसं त्यावर झोपली आणि एकानेही आम्हाला सांगितलं नाही. मी तिथे पडून छताच्या कौलांकडे पाहत राहिले, रडले, मग झोपले. तीन दिवस मी तशीच पडून होते. सुकवारो भात-वरण आणून द्यायची, तांब्या भरायची, आणि तिने मला एक शब्द विचारला नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने माझ्या हातात झाडू दिला आणि आपली पिशवी उचलून बसस्टँडकडे गेली.

त्याला आता तीन आठवडे झाले. मी पुन्हा चटईवर झोपते. पलंगाची चादर धुऊन घातली आहे, कोपरे दुमडले आहेत, टॉवेल पायथ्याशी आहे. पुढचं दार सकाळी उघडते ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत लावत नाही. पाळकांनाही सांगितलं की पाठवा, कोणालाही पाठवा. ते हो म्हणाले, पण त्यांचा सूर मला कळला. परवा बसस्टँडवर थैल्या घेऊन बसलेली दोन माणसं दिसली, मी आपण होऊन त्यांच्यापाशी गेले, घर स्टेशनच्या मागे आहे, मुक्कामाला या म्हटलं. त्यातली बाई तोंडभर हसली, हो म्हणाली, आणि मी दहा पावलं गेल्यावर शेजारच्या चहावाल्याने तिला सांगितलेलं मला ऐकू आलं की तिथं जाऊ नका, म्हातारी होती तोवर ठीक होतं, ही पोरगी दार लावून घेते.

तिवईवरचा तांब्या मी रोज सकाळी भरते आणि झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी कालचं पाणी अंगणातल्या तुळतुळीत फरशीवर ओतते आणि पुन्हा भरते.